वंशावळीबाहेरचं घराणं

१७३५ साली योहान सेबास्टियन बाखनं आपल्या खानदानातल्या संगीतकारांची वंशावळ लिहून काढली. ५३ नावं. पुढे त्याच्या मुलांनी आणि एका नातवानंही रचना केल्या. सगळं स्वरलिपीत उतरलेलं असल्यामुळे आजही चार-सहा वादक एका दिवाणखान्यात जमले, तर या कुटुंबाच्या पिढ्या एका संध्याकाळी ऐकवता येतात. प्रत्येक रचनेपुढे कर्त्याचं नाव छापलं की झालं.

आपल्याकडे अशी बैठक अल्लादियाखाँ यांच्या घराण्याची मांडायची ठरवली, तर कार्यक्रमपत्रिकेपाशीच गाडी अडते.

खाँसाहेबांनीही वंशावळ सांगितली आहे. मुंबईत अखेरच्या वर्षांत त्यांनी नातू अझीझुद्दीन यांना उर्दूत आत्मचरित्र सांगितलं. त्यात घराण्याचं मूळ नाथ विश्वंभर या ब्राह्मण गायकापर्यंत नेलेलं आहे. पण त्यांनी स्वतः नेमकं काय 'रचलं', हे वंशावळीतून कळत नाही. तरुणपणी आमलेटा संस्थानात अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला आणि पूर्वीसारखा परत आलाच नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी रचना हीच, आणि ती कुठल्याच वहीत नाही.

ख्यालाची चीज कागदावर अर्धं पानसुद्धा भरत नाही. स्थायी, अंतरा, संपलं. जयपूर-अत्रौलीत मात्र त्या चार ओळींतच रागाचा आराखडा असतो. बसंती केदारात बसंत कुठे संपला आणि केदार कुठे लागला, तो सांधा दिसता कामा नये. मात्रेला धरून चाललेला आलाप समेवर कसा येतो, हे तर समोर बसूनच शिकावं लागतं. मग गाणं कुणाचं म्हणायचं? बांधणाऱ्याचं की उलगडणाऱ्याचं? (सदारंगानं बंदिशीत नाव गुंफून आपल्यापुरता हा प्रश्न सोडवला होता.)

१८९५च्या सुमारास खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापुरात आले. १९२२मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी मुंबई जवळ केली. थोरल्या मुलाचा गाण्याशी फारसा संबंध राहिला नाही. मंजीखाँ तयारीचे, पण १९३७ साली, वडिलांच्या डोळ्यांदेखत गेले. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे जेमतेम दीड वर्ष शिकले होते. पुढची तालीम त्यांना धाकट्या भूर्जीखाँनी दिली. १९४६मध्ये खाँसाहेब गेले आणि १९५०मध्ये भूर्जीखाँही.

रक्ताच्या नात्यानं मोजलं तर मैफल इथं आटोपते. नातू अझीझुद्दीन, सगळ्यांचे 'बाबा', मैफलीचे गवई झाले नाहीत. ते चिजा सांभाळत आणि शिकवत राहिले.

ऐकू येणारं घराणं बाहेरच वाढलं, तेही मुख्यतः गोमंतकातून आलेल्या स्त्रियांच्या गळ्यांत. केसरबाई केरकर १९२१पासून अखेरपर्यंत खाँसाहेबांकडे शिकल्या. मोगूबाई कुर्डीकरांची तालीम मध्येच तुटली. काही काळ त्यांना खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांनी शिकवलं. या दोघींच्या वाट्याला जे आलं त्यात मान होता तसाच जाचही होता. घराण्याच्या गौरवग्रंथी थाटात हे सहसा येत नाही. पुढे मोगूबाईंनी स्वतः बंदिशी बांधल्या. त्यांच्या कन्या किशोरी आमोणकरांनीही भूपातली 'सहेला रे' बांधली आणि १९९०च्या 'दृष्टी' चित्रपटाला संगीत दिलं. म्हणजे रचनाकारांची सलग पिढी शोधायची तर ती खाँसाहेबांच्या घरात नाही, शिष्येच्या घरात सापडते.

कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी भूर्जीखाँकडे शिकल्या. ते गेल्यावर बाबांकडून त्यांनी चिजा घेतल्या आणि पुढे मुंबईत केसरबाईंपुढे बसल्या. गाणं खाँसाहेबांच्या मुलाकडून, नातवाकडून आणि परक्या घरातल्या शिष्येकडून एकाच गळ्यात आलं. आपल्या त्या बैठकीच्या पत्रिकेत धोंडूताईंचं नाव कुठल्या पिढीखाली छापायचं?