शेवटच्या कडव्यातला वामन

1940 नंतरची पहिलीच वर्षं. मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत तुम्ही उभे आहात. गावाकडून आलेलं पत्र घेऊन एक जण येतो आणि विशीतल्या पोराच्या हातात देतो, "वाच रे जरा." पोरगा कागद उलटसुलट करतो, परत देतो आणि बाजूला जाऊन रडतो. त्याला अक्षरओळखच नाही.

हा वामन तबाजी कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 15 ऑगस्ट 1922 रोजी जन्मलेला, पोटासाठी मुंबई गाठलेला. कोळशाच्या वखारीत राबला, आईसफ्रूट विकलं.

देहलवी नावाचे गुरुजी त्याला बाराखडी शिकवतात. त्याच्याबरोबर रस्त्यानं चाला. दर दुकानाच्या पाटीपुढे तो थबकतो, जोडाक्षरापाशी अडखळतो, पुन्हा वाचतो. 3 मे 1943 रोजी त्याचं पहिलं गाणं जमतं. तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. त्याच वर्षी नायगावात तो बाबासाहेब आंबेडकरांना पहिल्यांदा पाहतो, आणि मग गाण्याला विषय शोधावा लागत नाही.

आता 1954 च्या मे महिन्यात भंडाऱ्याला या. जिल्हा अजून मध्य प्रदेशात आहे, गोंदियाही याच जिल्ह्यात. ऊन नुसतं भाजतंय. लोकसभेची पोटनिवडणूक लागली आहे आणि राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब उभे आहेत. ओसरीत एक बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते आहे. कात्रीनं तेंदूपान कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. तिला पेपर वाचता येत नाही, घरात रेडिओ नाही. निकाल ती लोकांच्या तोंडूनच ऐकते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांवर मतांनी निवडून आले. तिची बोटं तेवढी थांबत नाहीत. बिड्यांचा हिशेब संध्याकाळी द्यायचा असतो.

अशा घरांत विचार पोचवायचा कसा, हे गाण्यांतून विचार सांगणाऱ्या जलसेवाल्यांना ठाऊक होतं. नाशिककडे भीमराव कर्डकांनी 1930 नंतर आंबेडकरी जलसा उभा केला होता. पत्रक वाचावं लागतं, गाणं नुसतं ऐकलं तरी पाठ होतं.

14 ऑक्टोबर 1956. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. तुम्हीही पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेसाठी जमलेल्या गर्दीत उभे आहात. 1 नोव्हेंबरला भंडारा जिल्हा मुंबई राज्यात जातो. 6 डिसेंबरला बाबासाहेब जातात. आता सभेला ते येणार नाहीत. त्यांच्याविषयीचं गाणं मात्र गावोगाव येत राहतं.

1970 नंतरची एखादी 14 एप्रिलची, बाबासाहेबांच्या जयंतीची रात्र धरा. जिल्ह्यातल्या वस्तीत पेटी, ढोलकी, खंजिरी. ओसरीतली ती बाई आता म्हातारी झाली आहे आणि ठेका धरून गाते आहे. वामनदादांचं हे गाणं तिच्यापर्यंत एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी असं आलंय. त्यांचा 'वाटचाल' हा संग्रह निघाला 1973 मध्ये, पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो, अभंगात 'तुका' येतो तसा. कवीच्या मालकीचा पुरावा तेवढाच.

अमेरिकेतल्या काळ्या गायकांची कहाणी फार वेगळी नाही. त्यांच्या संगीताला 1949 मध्ये 'रिदम अँड ब्लूज' हे नाव मिळालं. 1953 मध्ये बिग मामा थॉर्नटनचं 'हाउंड डॉग' 'रिदम अँड ब्लूज'च्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. तिच्या सांगण्यानुसार हाती पडले पाचशे डॉलर. तीन वर्षांनी तेच गाणं एल्विस प्रेस्लीनं गायलं आणि जगानं ते त्याच्या नावावर मांडलं.

वामनदादा 15 मे 2004 रोजी गेले. त्यांच्या गीतांची संख्या हजारांत मोजतात, आणि त्यातली कितीतरी आज डीजेच्या भिंतीतून निनावी वाजतात. भंडाऱ्यात असो की साकोलीत, यंदाच्या जयंतीच्या पत्रिकेत गायकाच्या नावाखाली गीतकाराचंही नाव छापा. आणि वाजवताना शेवटचं कडवं कापू नका.