जायफळाची कॉफी ‘खरी’ नसते का?

ठाण्यात, डोंबिवलीत हल्ली चार पावलांवर एक कॉफीचं दुकान दिसतं. तिथून पिऊन आलेली घरातली तरुण मंडळी मग आईच्या कॉफीला नावं ठेवतात. “हे तर जायफळ घातलेलं गोड दूध! ही कॉफीच नाही.” आजच्या भागात मी आईच्या बाजूने भांडणार आहे.

बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, ही कथा तुम्ही ऐकली असेल. मोठे मळे मात्र एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या राज्यात उभे राहिले, आणि त्यांचं लक्ष परदेशी बाजाराकडे होतं. जागतिक मंदीत भाव पडले तेव्हा कुठे देशातलं गिऱ्हाईक आठवलं. १९३५ मध्ये कॉफी सेस कायदा झाला, १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं. म्हणजे बघा, आपल्याला कॉफीची सवय लावली गेली ती रीतसर मोहीम काढून!

घरात आली ती डब्यातली पूड. पोल्सन म्हटलं की आपल्याला लोणी आठवतं, पण पेस्तनजी एदलजींचा मुंबईतला आधीचा धंदा कॉफीचा, तोही चिकोरी मिसळलेल्या कॉफीचा. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफिन नसतं. रंग, दाटपणा आणि कडवटपणा मात्र भरपूर, शिवाय स्वस्त.

आता अशी पूड, घरात फिल्टर नाही, समोर पाहुणे. काय करणार? दूध कडवटपणा मऊ करतं, साखर उरलेला झाकते. आणि जायफळ तर कोकणातलंच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ असे वाणही काढलेत. त्याचा वास तेलात असतो, म्हणून सायीच्या दुधात तो छान उतरतो. माझ्या मते हा अडाणीपणा नव्हे, हाताशी होतं त्यातून काढलेला मार्ग आहे. चहा रोजचा, कॉफी मानाची. व्याही आले की कॉफी.

मग फिल्टर कुठून आला? रेल्वेच्या कडेकडेने. गाडी १८५३ ला ठाण्यात आली, १८५४ ला कल्याणात. पुढे नोकरदार वस्ती याच मार्गावर वाढत गेली. माटुंग्यातली तमिळ, कन्नड, मल्याळी माणसं ओळखीची होतीच. तशी कुटुंबं डोंबिवलीतही आली. एकाच जिन्यावर एका दारात पितळी फिल्टर, समोरच्या दारात जायफळाची किसणी. दोन्ही घरांत कॉफीच होत होती.

बरं, आता ती चांगली कशी करायची? दोन कपांसाठी एक कप पाणी उकळा, गॅस बंद करा, मग दोन मोठे चमचे पूड घालून पाच मिनिटं झाका. पूड दुधात घालून खळखळा उकळू नका, कडू होते. फडक्यातून गाळा. वेगळं तापवलेलं एक कप दूध आणि साखर घाला. जायफळ अगदी शेवटी, किसणीवर दोनदाच फिरवा. उकळलं तर वास उडतो, जास्त झालं तर औषध प्यायल्यासारखं लागतं. पूड ताजी दळलेली आणि थोडी थोडी आणा. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. कमी चिकोरीची घेतलीत तर साखरही कमी लागेल.

फिल्टरची कॉफी प्या, दुकानातली काळी प्या, माझी काहीच हरकत नाही. फक्त पाहुण्यांसमोर कप ठेवताना आईने “आमची आपली साधीच हं” असं ओशाळून म्हणावं, हे काही मला पटत नाही. तुमच्या घरी जायफळ पडतं की वेलची, आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.