बंदिस्त ट्रेलरचे बाह्य पत्रे : रिव्हेटपासून चिकटद्रव्यापर्यंत

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात इंजिन, इंधन आणि संशोधक यांना जे स्थान मिळाले, ते 'जोड' या विषयाला मिळालेले नाही. दोन पत्रे एकमेकांना कसे धरून राहतात हा प्रश्न कारागिराचा मानून अभ्यासकांनी तो बाजूला ठेवला. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील बंदिस्त ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढली जाणारी छप्पर व भिंती असलेली गाडी, हा अभ्यासविषय घेतला असून त्याच्या बाहेरील पत्र्यांच्या जोडणीचा १९३० च्या दशकापासूनचा प्रवास तपासला आहे. जोडणीची निवड केवळ मजबुतीवर ठरत नाही. श्रम कोण करणार आणि दुरुस्ती कोणाच्या गळ्यात पडणार, यावरही ती ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एका रूढ समजाची तपासणी

ग्लायडरचे रचनाकार हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये 'रोड चीफ' हा रिव्हेट मारलेल्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा ट्रेलर तयार केला. लिंडबर्ग यांच्या १९२७ च्या अटलांटिकपार उड्डाणासाठी 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' हे विमान ज्या रायन कारखान्यात बांधले गेले, तेथे बोलस यांच्याकडे बांधणीची देखरेख होती. यावरून त्या विमानाचेच तंत्र ट्रेलरमध्ये उतरले, असे सांगण्याची प्रथा आहे. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी आणि वरचे आवरण कापडाचे होते. भार वाहणारे धातूचे आवरण त्या विमानात नव्हते. बोइंग २४७ व डग्लस डीसी-१ ही धातूच्या आवरणाची विमाने १९३३ मध्ये उडाली. त्यांपैकी दुसरे कॅलिफोर्नियातच तयार झाले होते. म्हणून रिव्हेटचे मूळ एका प्रसिद्ध विमानात न शोधता त्या प्रदेशातील संपूर्ण विमान उद्योगात शोधणे अधिक योग्य ठरेल.

बोलस यांचा व्यवसाय फार काळ टिकला नाही. त्यांचे ट्रेलर विकणारे वॉली बायम यांनी पुढचे दार बाजूला घेऊन १९३६ मध्ये एअरस्ट्रीमचा 'क्लिपर' बाजारात आणला. त्याची किंमत १,२०० डॉलर होती, आणि मंदीच्या काळात ही रक्कम थोडी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनियम विमानांसाठी राखून ठेवले गेले, तेव्हा ट्रेलरचे उत्पादन थांबले आणि बायम स्वतः विमान उद्योगात काम करू लागले.

रिव्हेटचे श्रम

या रचनेत पत्रा हे केवळ पांघरूण नसते. सांगाड्याच्या बरोबरीने तो ताण वाहतो, आणि हा ताण जवळजवळ मारलेल्या रिव्हेटांच्या रांगेत विभागला जातो. मात्र प्रत्येक घन रिव्हेटला दोन माणसे लागतात : एक बाहेरून हवेच्या हातोड्याने ठोकतो, तर दुसरा आतून पोलादी ठोकळा धरून रिव्हेटचे शेपूट चपटे होऊ देतो. साहजिकच आतले अस्तर लावण्यापूर्वी हे काम उरकावे लागते. पुढे एखादा रिव्हेट सैल झाला, तर आत पोहोचण्यासाठी अस्तर काढणे आले. एकाच बाजूने बसणारा 'आंधळा' रिव्हेट दुरुस्तीसाठी सोयीचा ठरला तो यामुळेच.

पोलादी सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा

मालवाहू बंदिस्त ट्रेलरची गोष्ट वेगळी आहे. येथे भार पोलादी खांब वाहतात आणि ०.०३० इंच, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा त्यांवर स्क्रूने बसवला जातो. एका माणसाचे, झटपट होणारे आणि स्वस्त असे हे काम. अडचण आहे ती दोन धातूंच्या स्वभावात. तापमान एका अंशाने वाढले की अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला सुमारे २३ मायक्रोमीटर प्रसरण पावते, तर पोलाद सुमारे १२. पहाट आणि दुपार यांत पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर १.२ मीटर रुंदीच्या पत्र्यात दोन धातूंमधील तफावत जेमतेम अर्धा मिलिमीटर राहते. स्क्रूचे छिद्र ती सहन करते. पण ६ मीटरचा एकसंध पत्रा घेतला, तर ही तफावत अडीच मिलिमीटरच्या पुढे जाते. मग दोन स्क्रूंमधला पत्रा फुगतो, छिद्रे लांबट होतात व तेथून पाणी शिरते. ओल्या जागी दोन धातूंचा स्पर्श झाला की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते, हे निराळेच.

चिकटद्रव्याचा प्रवेश

या अडचणीवरील उत्तरही विमान उद्योगातूनच आले, मात्र ते इंग्लंडमधून. डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांच्या संस्थेने १९४१ मध्ये 'रिडक्स' हे धातू जोडणारे चिकटद्रव्य सिद्ध केले. पुढे डी हॅविलंडच्या हॉर्नेट व कॉमेट विमानांत ते वापरले गेले. त्याला उष्णता व दाब लागत असल्याने ट्रेलरच्या साध्या शेडमध्ये त्याचा उपयोग नव्हता. ३एम कंपनीने १९८० मध्ये अ‍ॅक्रिलिक फोमची दुहेरी चिकटपट्टी आणली, आणि भट्टीशिवाय पत्रा चिकटवणे शक्य झाले. पट्टी स्वतः थोडी ताणली जाते, त्यामुळे प्रसरणातील फरक ती पचवते. छिद्रेच नसल्याने गळतीच्या जागा कमी होतात आणि भिंत सपाट दिसते. ग्राहकाला भुलवते ती बहुधा ही शेवटची बाब, असे वाटते.

मात्र येथे कौशल्याची जागा बदलली. रिव्हेटचा दोष डोळ्यांना दिसतो, पण पट्टीखाली राहून गेलेला तेलाचा अंश दिसत नाही. पृष्ठभाग स्वच्छ हवा, पट्टी नीट दाबली जायला हवी आणि सामान्य तापमानाला पूर्ण बळ येण्यास सुमारे ७२ तास लागतात. शिवाय पत्रा चेपला, तर रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवून तेवढा भाग बदलता येतो. चिकटवलेला पत्रा मात्र तारेने किंवा सुरीने कापत सोडवावा लागतो, खांबांवरचा चिकटा खरवडावा लागतो, आणि या प्रयत्नात पत्रा सहसा वाया जातो. कारखान्यात वाचलेले श्रम अशा रीतीने बऱ्याच वर्षांनी, व्याजासह, मालकाच्या अंगणात येऊन पडतात. पुष्कळ उत्पादक म्हणूनच मधल्या खांबांवर पट्टी लावतात आणि वरच्या-खालच्या कडांना, शोभेच्या पट्टीखाली झाकून, स्क्रू अजूनही मारतात.