मेसेज वाचला तरी लाल आकडा का जात नाही?

अ‍ॅपवर लाल गोलात ‘१’ दिसतो. उघडून पाहावं तर नवा मेसेज एकही नाही. अशा वेळी फोन बिघडलेला नसतो. स्क्रीनवरचा आकडा आणि आतली माहिती यांचा मेळ चुकलेला असतो.

नेमकं काय घडतं?

स्क्रीनवर दिसणारा आकडा किंवा ‘ऑनलाइन’सारखा शब्द म्हणजे लेबल. मूळ माहिती, म्हणजेच डेटा, वेगळ्या जागी साठवलेला असतो. डेटा बदलला की लेबलही बदलावं लागतं. न वाचलेल्या मेसेजची संख्या अ‍ॅपच्या आयकॉनवर, चॅटच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्ये दिसते. प्रत्येक जागेसाठी वेगळा कोड लिहिला असेल, तर एखादी जागा सुटते आणि तिथे जुनाच आकडा राहतो.

यावर उपाय काय निघाला?

हा प्रश्न जुना आहे. नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्सकॉग यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ ही रचना मांडली. तिच्यात माहिती आणि ती दाखवणारा भाग वेगळे ठेवले जातात. माहिती बदलली की दाखवणाऱ्या भागांना तशी वर्दी मिळते.

तरीही फेसबुकच्या चॅटमध्ये न वाचलेल्या मेसेजचा चुकीचा आकडा पुन्हा पुन्हा दिसायचा. २०१४ मध्ये ‘फ्लक्स’ ही रचना मांडताना कंपनीने हेच उदाहरण दिलं. फ्लक्समध्ये बदल एकाच दिशेने जातात: आधी डेटा बदलतो, मग त्यावरून लेबल तयार होतं.

लाइक लगेच कसा दिसतो?

लाइक दाबताच अनेक अ‍ॅप सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता आकडा एकने वाढवतात. सर्व्हरने नकार दिला, तर आकडा पुन्हा कमी होतो.

पैशांच्या बाबतीत काय काळजी घ्यावी?

लाइकचा आकडा चुकला तर फारसं बिघडत नाही. पण पैसे पाठवल्यावर ‘प्रोसेसिंग’ दिसत राहिलं, तर बँकेत व्यवहार पूर्ण होऊनही लेबल मागे राहिलेलं असू शकतं. घाईने पुन्हा पैसे पाठवले, तर ते दोनदा जातील. आधी स्क्रीन रिफ्रेश करा, व्यवहारांची यादी आणि खात्यातली शिल्लक तपासा, मगच पुढचं ठरवा.