कुजीरची शिकाऊ बंदूक

शस्त्रांचा इतिहास बहुधा रणांगणावर शोधला जातो. परंतु कांहीं शस्त्रें रणांगणासाठीं घडविलेलींच नसतात. त्यांचें मूळ राजनीतींत सांपडतें. रुमानियाची ‘एम ६९’ ही बारीक नळीची बंदूक त्यांपैकींच एक होय.

तिच्या लोखंडावरील त्रिकोणांतला बाण ही कुजीर येथील कारखान्याची मुद्रा. ट्रान्सिल्व्हेनियांतील या गांवीं १७९९ सालीं, हॅब्सबर्ग अमलांत, लोखंडाचा कारखाना निघाला. १९१८ सालीं तो प्रांत रुमानियास मिळाला आणि पुढें तेथें शस्त्रें होऊं लागलीं.

नांवांतील आंकडा १९६९ सालाचा आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं, ऑगस्ट महिन्यांत, सोव्हिएट रशिया व त्याच्या दोस्तांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियांत शिरल्या. रुमानिया हा वॉर्सा करारांतला भागीदार. तरी त्यानें या स्वारींत भाग घेतला नाहीं. उलट २१ ऑगस्ट १९६८ रोजीं चाउशेस्कु यांनीं बुखारेस्टमध्यें भर सभेंत तिचा धिक्कार केला. आज प्राग, तर उद्यां बुखारेस्ट, ही धास्ती खरी होती. म्हणून नागरिकांचीं ‘देशभक्त रक्षक दळें’ उभारण्यांत आलीं.

कारखान्यांतील कामगारांना नेमबाजी शिकवावयाची, तर लष्करी काडतुसें महाग पडणार. यास्तव १८८७ पासून प्रचारांत असलेलें ५.६ मिलिमीटरचें छोटें काडतूस पसंत झालें. त्याचा धक्का थोडा, आवाज बेताचा, खर्चहि कमी. प्रत्येक गोळीनंतर दट्ट्या हातानें मागेंपुढें करावा लागत असल्यानें नवशिक्याच्या उतावळेपणासहि आळा बसे. या मापाची नेमबाजी देशाला नवी नव्हती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें योसिफ सिर्बू यांनीं ४०० पैकीं ४०० गुण मिळविले. तितकेच गुण मिळविणाऱ्या सोव्हिएट नेमबाजास त्यांनीं मध्यबिंदूवरील अधिक गोळ्यांच्या बळावर मागें टाकलें आणि रुमानियाला पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलें.

अपेक्षिलेली स्वारी कधींच आली नाहीं. दळें मात्र कम्युनिस्ट पक्षाच्या हुकमतींत राहिलीं. ज्या नागरिकाच्या हातीं राज्यानें बंदूक दिली, त्याच्या हातीं खरें मत कधीं दिलें नाहीं. अखेर डिसेंबर १९८९ मध्यें ती राजवट परक्या फौजेनें नव्हे, तर स्वकीयांच्या संतापानें कोसळली. दळें मोडलीं, बिनकामाच्या ठरलेल्या कित्येक बंदुका अमेरिकेंत विकल्या गेल्या, व तेथें हौशी नेमबाज त्यांनीं कागदी लक्ष्यें भेदूं लागले.

राज्याचें रक्षण प्रजेनें करावें असें वाटत असेल, तर तें राज्य आपलें आहे असें प्रजेस आधीं वाटलें पाहिजे. कुजीरच्या या बंदुकीचा इतिहास एवढेंच सांगतो.