ॲरिझोनाची ॲटर्नी जनरल निवडणूक, 2022

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात 8 नोव्हेंबर 2022 रोजी झालेली, राज्याच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्याच्या पदासाठीची निवडणूक. डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रिस मेझ यांनी रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम हमादेह यांचा फेरमोजणीअंती 280 मतांनी पराभव केला. दोघांना मिळून 25 लाख 9 हजारांवर मते पडली होती, म्हणजे फरक लाखामागे सुमारे अकरा मतांचा. चुरशीमुळे ही निवडणूक गाजली. पण तिचे महत्त्व त्याहून मोठे आहे. कायदा कागदावर तोच राहतो, तरी तो कोणावर, केव्हा आणि किती नेटाने चालवायचा हे कोणीतरी माणूस ठरवतो. तो माणूस सरकारने नेमावा की लोकांनी निवडावा, या जुन्या वादात ॲरिझोनाचा अनुभव लोकांच्या बाजूने साक्ष देतो, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्राच्या महाधिवक्त्यावरून या पदाचा अंदाज बांधता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 165 नुसार महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. प्रत्यक्षात ही मर्जी मंत्रिमंडळाची असते. अमेरिकेत 50 पैकी 43 राज्यांत ॲटर्नी जनरल थेट मतदानाने निवडला जातो. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंगमध्ये गव्हर्नर त्याची नेमणूक करतो, मेनमध्ये विधिमंडळ आणि टेनेसीत राज्याचे सर्वोच्च न्यायालय. ॲरिझोनात पदाची मुदत चार वर्षांची असून लागोपाठ दोनच कार्यकाळ मिळतात. सरकारी खात्यांना कायद्याचा सल्ला देणे, राज्याच्या वतीने कोर्टात उभे राहणे, ग्राहकांची फसवणूक करणाऱ्यांवर दावे लावणे, फौजदारी अपिले चालवणे आणि राज्याच्या ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे दोषारोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, प्रकरणे नेणे ही त्याची मुख्य कामे. शिवाय 2022 मध्ये ॲरिझोनात लेफ्टनंट गव्हर्नर हे पदच नव्हते. गव्हर्नरपद रिकामे झाल्यास आधी सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि मग ॲटर्नी जनरल, असा वारसाक्रम होता. 1978 मध्ये गव्हर्नर वेस्ली बोलिन यांचे निधन झाले तेव्हा सेक्रेटरी ऑफ स्टेट निवडून आलेल्या नसून नेमलेल्या होत्या, त्यामुळे ॲटर्नी जनरल ब्रूस बॅबिट थेट गव्हर्नर झाले.

2022 मध्ये रिपब्लिकन ॲटर्नी जनरल मार्क ब्रनोविच यांचे दोन कार्यकाळ संपत होते. त्यांनी अमेरिकी सिनेटसाठी उमेदवारी केली आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीतच ते हरले. ॲटर्नी जनरलपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीत सहा जण होते. त्यांतून मॅरिकोपा काउंटीचे माजी सरकारी वकील आणि लष्कराच्या राखीव दलातील अधिकारी हमादेह डोनाल्ड ट्रम्प यांच्या पाठिंब्यावर पुढे आले. मेझ पूर्वी पत्रकार होत्या. वीज आणि पाण्याचे दर ठरवणाऱ्या राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनवर त्या रिपब्लिकन सदस्य म्हणून काम करून चुकल्या होत्या आणि 2019 मध्ये त्यांनी पक्ष सोडला होता. प्रचारात दोघांनीही आडपडदा ठेवला नाही. 2020 ची अध्यक्षीय निवडणूक चोरली गेली असे हमादेह सांगत होते, आणि गर्भपाताबाबत जो कायदा असेल तो अमलात आणू म्हणत होते. गर्भपातासाठी आपण डॉक्टरांवर खटले भरणार नाही, हे मेझ यांचे उघड आश्वासन होते.

पहिल्या मोजणीत मेझ यांना 12,54,612 आणि हमादेह यांना 12,54,101 मते मिळाली; फरक 511. जुन्या नियमानुसार एवढ्या फरकावर फेरमोजणी झालीच नसती, कारण राज्यव्यापी पदांसाठी 200 मतांची मर्यादा होती. त्याच वर्षी विधिमंडळाने ती उठवून अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असल्यास फेरमोजणी आपोआप व्हावी असा कायदा केला होता. या बदलाचे मोल पिनाल काउंटीत कळले. मतदाराने गोल पूर्ण न भरता बरोबरची खूण केली, रेघ ओढली किंवा फिकट शाई वापरली, तर यंत्र ती मतपत्रिका बाजूला टाकते आणि माणसाने ती पाहून मतदाराचा हेतू ठरवायचा असतो. हे काम पिनालमध्ये नीट झालेले नव्हते. फेरमोजणीत तिथे हमादेह यांची 392 आणि मेझ यांची 115 मते वाढली. राज्याचा अंतिम आकडा 12,54,809 विरुद्ध 12,54,529 असा झाला आणि 29 डिसेंबरला न्यायाधीशांनी तो जाहीर केला. हमादेह यांचा निकालाविरुद्धचा मोहावी काउंटीतला दावा त्याआधी 23 डिसेंबरला फेटाळला गेला होता. पिनालच्या आकड्यांवरून त्यांनी नव्याने सुनावणी मागितली, तीही पुढे नाकारली गेली. फेरमोजणीने पराभूत उमेदवाराच्या पदरात मते टाकली, चूक झाल्याचे काउंटीने मान्य केले, आणि तरी निकाल टिकला. मतमोजणीवरच्या विश्वासाला याहून भक्कम आधार कुठल्याही भाषणातून मिळाला नसता.

निवडणुकीचा पहिला मोठा परिणाम 1864 च्या गर्भपातबंदी कायद्यावर दिसला. हा कायदा ॲरिझोना राज्य होण्याच्या 48 वर्षे आधीचा. आईचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणासाठी गर्भपात करणाऱ्याला त्यात दोन ते पाच वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद होती. केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर ब्रनोविच यांनीच कोर्टात जाऊन या कायद्यावरची जुनी मनाई उठवून घेतली. मेझ आल्यावर त्याच कार्यालयाने त्याच कायद्याबाबत उलटी भूमिका घेतली. 9 एप्रिल 2024 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 2 मतांनी हा कायदा लागू होऊ शकतो असा निकाल दिला, तेव्हा मेझ यांनी अंमलबजावणीला मुदत मागितली आणि कोर्टाने ती दिली. मेच्या सुरुवातीला विधिमंडळाने कायदा रद्द केला. हा रद्द करणारा कायदा 14 सप्टेंबरला अमलात आला, त्या दिवशी कोर्टाने दिलेली मुदत अजून संपलेली नव्हती. दीडशे वर्षांपूर्वीच्या तरतुदीखाली एकाही डॉक्टरला कोर्टात उभे राहावे लागले नाही, यात या 280 मतांचा वाटा उघड आहे.

थेट निवडणुकीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा : कायद्याची अंमलबजावणी निवडणुकीच्या वाऱ्यावर सोडली, तर कायद्याचे राज्य उरले कुठे? एका पक्षाचा अधिकारी जे गुन्हा म्हणून पाहतो ते दुसऱ्या पक्षाचा पाहत नसेल, तर नागरिकाने काय समजून वागायचे? हा आक्षेप गंभीर आहे. शिवाय जून 2023 मध्ये गव्हर्नर केटी हॉब्स यांनी गर्भपाताच्या खटल्यांचे अधिकार काउंटी वकिलांकडून काढून ॲटर्नी जनरलकडे सोपवले, तेव्हा काउंटी वकिलांपैकी बहुतेकांनी हरकत घेतली होती. तेही लोकांनीच निवडलेले असल्यामुळे त्यांची हरकत नुसती उडवून लावता येत नाही. तरी हा आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतो. कोणता खटला आधी, कोणता नंतर आणि कोणता मुळीच नाही, ही निवड कुठलाही सरकारी वकील करतोच, कारण माणसे, पैसा आणि कोर्टाचा वेळ मर्यादित असतो. नेमलेला अधिकारीही ती करतो. फक्त ती बंद दाराआड होते आणि नेमणाऱ्याचा कल तिच्यात उतरतो. ॲरिझोनात दोन्ही उमेदवारांनी आपला कल मतदानाआधी सांगितला होता. विवेकाधिकार टळत नसेल, तर त्याचा हिशेब ज्यांच्यावर तो चालणार त्यांनी मागावा, हेच न्याय्य.

निवडून आलेला अधिकारी गव्हर्नरचा मिंधा नसतो, हा दुसरा मुद्दा. विद्यापीठांच्या वाढत्या शुल्कावरून ब्रनोविच यांनी 2017 मध्ये राज्याच्या विद्यापीठ मंडळावर दावा लावला. गव्हर्नर डग डूसी त्यांच्याच पक्षाचे आणि त्या मंडळाचे पदसिद्ध सदस्य; मर्जीवर नेमलेल्या वकिलाला असे पाऊल टाकणे जड गेले असते. 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शुल्काविषयीचा मुख्य दावा लावण्याचा अधिकार कायद्याने ॲटर्नी जनरलला दिलेला नाही. मतपेटीतून आलेला अधिकारी मोकाट सुटतो, या भीतीला इथे उत्तर मिळते. मते पद देतात, अधिकार मात्र कायद्यात लिहिला असेल तेवढाच.

ब्रनोविच यांच्याच कारकिर्दीत या व्यवस्थेची काळी बाजूही दिसते. 2020 च्या निवडणुकीतील कथित गैरप्रकारांच्या तपासावर त्यांच्या कार्यालयाने दहा हजारांवर तास खर्च केले. एप्रिल 2022 मध्ये, सिनेटची प्रायमरी तोंडावर असताना, त्यांनी शंका वाढवणारा अंतरिम अहवाल प्रसिद्ध केला. आरोपांना आधार नसल्याचे स्वतःच्याच तपासनिसांनी लिहून दिलेले निष्कर्ष मात्र दडवून ठेवले. पुढच्या निवडणुकीकडे डोळा ठेवून पद वापरले जाते, याचा हा धडधडीत पुरावा. थेट निवडणुकीच्या विरोधकांनी तो जरूर मांडावा, पण त्याचा पुढचा भाग गाळू नये. ती कागदपत्रे फेब्रुवारी 2023 मध्ये मेझ यांनी उघड केली. कार्यालय दुसऱ्या पक्षाकडे गेल्यामुळे फायली बाहेर आल्या. सत्तापालटाची ही शक्यताच पदावरच्या माणसाला जरब बसवते.

मेझ यांच्यावरही पक्षपाताचा आरोप झाला. 2020 मध्ये स्वतःला ट्रम्प यांचे निर्वाचक (राज्याच्या वतीने अध्यक्षपदासाठी मत देणारे प्रतिनिधी) म्हणवून खोटे प्रमाणपत्र पाठवणारे 11 जण आणि त्यांचे साथीदार, अशा 18 जणांवर एप्रिल 2024 मध्ये राज्याच्या ग्रँड ज्युरीने दोषारोप ठेवला. त्यामागे राजकारण असल्याची टीका झाली. संबंधित केंद्रीय कायद्याचा मजकूर ग्रँड ज्युरीपुढे नीट ठेवला नाही, या कारणाने 2025 मध्ये न्यायाधीशांनी प्रकरण पुन्हा ग्रँड ज्युरीकडे पाठवण्याचा आदेश दिला. ही मेझ यांच्या कार्यालयाची चूक होती आणि तिला चूकच म्हटले पाहिजे. तिच्यावर बोट ठेवायला पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबावे लागले नाही, कोर्टाने ते काम केले.

गर्भपात आणि निवडणुकीचे वाद बातम्यांत आले. पाण्याचा प्रश्न त्या मानाने कमी गाजला, पण या पदाचा पल्ला त्यातून अधिक नेमका कळतो. ॲरिझोनाचा 1980 चा भूजल कायदा मुख्यतः शहरी पट्ट्यांना लागू आहे; ग्रामीण भागात जमीनमालक जवळपास हवे तेवढे पाणी उपसू शकतो. पश्चिमेकडील ला पाझ काउंटीत फोंडोमोंटे ही सौदी मालकीची कंपनी लसूणघास पिकवून गुरांच्या चाऱ्यासाठी परदेशी पाठवते. पाण्याची पातळी घटून शेजाऱ्यांच्या विहिरी आटल्या आणि जमीन खचू लागली, असा आरोप करत मेझ यांनी डिसेंबर 2024 मध्ये कंपनीवर सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावला. विधिमंडळाने वर्षानुवर्षे न सोडवलेला प्रश्न जुन्याच कायद्याच्या आधारे कोर्टात नेणे या पदामुळे शक्य झाले. विहीर आटली की मालकाला हजारो डॉलर खर्चून आणखी खोल जावे लागते, आणि बलाढ्य कंपनीशी एकट्याने कोर्टात झुंजणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

मराठी कुटुंबांशीही या पदाचा संबंध पोहोचला. 20 जानेवारी 2025 रोजी ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशानुसार, आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारले जाणार होते. एच-1बी व्हिसावरील अनेक भारतीय दांपत्ये, मराठी दांपत्यांसह, या कक्षेत येत होती. वॉशिंग्टन, ॲरिझोना, ओरेगन आणि इलिनॉय या चार राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी दुसऱ्याच दिवशी सिॲटलच्या केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला आणि 23 जानेवारीला आदेशाला तात्पुरती स्थगिती मिळाली.

मतदारांना हे पद कळतच नाही, हा शेवटचा आक्षेप. मेझ आणि हमादेह यांच्या मतांची बेरीज गव्हर्नरपदाच्या दोन मुख्य उमेदवारांच्या बेरजेपेक्षा सुमारे 49 हजारांनी कमी भरते; 280 च्या फरकापुढे हा आकडा मोठा आहे. पण अज्ञान सरसकट असते, तर लोकांनी डोळे झाकून पक्षाला मते दिली असती आणि दोन्ही पदांचे निकाल सारख्याच फरकाने लागले असते. तसे झाले नाही. गव्हर्नरपदी मेझ यांच्याच पक्षाच्या हॉब्स 17,117 मतांनी जिंकल्या. मेझ यांना हॉब्स यांच्यापेक्षा सुमारे 33 हजार, तर हमादेह यांना पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवार कॅरी लेक यांच्यापेक्षा सुमारे 16 हजार मते कमी पडली. त्याच मतपत्रिकेवर कोषाध्यक्षपद रिपब्लिकन किंबर्ली यी यांनी आरामात राखले. ॲरिझोनाचे मतदार पदागणिक वेगळा विचार करत होते. हमादेह 2024 मध्ये केंद्रीय प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. ॲटर्नी जनरलपदाची पुढची नियमित निवडणूक नोव्हेंबर 2026 ची.