आजारपण आणि श्रद्धा

आजारपणाला तोंड देताना धर्म वा अध्यात्म यांचा आधार घेण्याची रीत बहुतेक समाजांत आढळते. नामस्मरण, नवस, दुआ, नोव्हेना ही तिची आपल्याकडची परिचित रूपे. एकाच खाटेवर उशीखाली अंगाऱ्याची पुडी आणि हाताला सलाईनची सुई असते. घरच्यांना त्यात विसंगती वाटत नाही, आणि त्यांचे फारसे चुकत नाही, कारण दोन्हींची कामे वेगळी आहेत. श्रद्धेने रोग बरा होतो का, एवढेच विचारले तर उत्तर लवकर मिळते. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरील, इतरांनी केलेल्या प्रार्थनेचा परिणाम तपासणाऱ्या अमेरिकी प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांत गुंतागुंत उद्भवली. प्रार्थना होणार हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात मात्र ५९ टक्के.

श्रद्धेचा प्रभाव रोग्याच्या मनावर पडतो, आणि तो श्रद्धा किती यापेक्षा ती आजाराचा काय अर्थ लावते यावर ठरतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी ५५ वर्षांवरील ५९६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला (२००१). देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम उरले नाही, असे वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. ‘भोग आहेत, भोगायचे’ या आपल्याकडच्या उद्गारालाही अशाच दोन बाजू आहेत. कुणाला त्यातून सोसण्याचे बळ मिळते, तर कुणाला आपण मागच्या जन्मीचे गुन्हेगार वाटू लागतो. मुळात प्रकृती ढासळलेलाच माणूस देवावर रुसतो, असा आक्षेप यावर येतो. संशोधकांनी आरंभीची प्रकृती हिशेबात धरूनही संबंध टिकला; अर्थात संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य करायलाच हवे. दुसरा आक्षेप असा, की आधार देवाचा नसून भजनी मंडळाचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा असतो. तो बराचसा खरा आहे. पण ही माणसे श्रद्धेच्याच निमित्ताने जमतात, तेव्हा दोन्हींची फारकत करणे कठीण.

सर्वांत वजनदार आक्षेप उपचार लांबण्याचा. श्रद्धा औषधाची जागा घेऊ लागली की ती घातकच ठरते. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रयगृहाला २००१ मध्ये आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण जळून मेले. याउलट असाध्य रोगात, जिथे औषधाचे काम वेदनाशमनापुरते उरते, तिथे आध्यात्मिक आधार हा शुश्रूषेचाच भाग मानतात. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला उभारलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून ही दृष्टी रुजली. सीमा कुठे आखायची, याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात आहे. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्याखाली गुन्हा आहे; औषध चालू ठेवून केलेली प्रार्थना नाही.